बत्ती समुद्रातून बघायची

हिराजीची सही बिघडत चालली आहे, हे कारखान्यात सगळ्यांत आधी माझ्या लक्षात आलं. हजेरीचं रजिस्टर माझ्या टेबलावर असायचं. सकाळी आठला एकोणीस माणसं ओळीनं सही करून आत जायची. बहुतेकांच्या सह्या म्हणजे नुसती वेटोळी. हिराजी मात्र पूर्ण नाव लिहायचा, वरची रेघ शेवटी एका दमात ओढायचा आणि पेन ठेवण्याआधी मान मागे घेऊन लांबून एकदा बघायचा, रंगारी भिंत बघतो तसा. त्या वर्षी दिवाळीनंतर ती रेघ थरथरायला लागली. होळीच्या सुमारास नावातला ‘जी’ ओळखू येईना. मी मागची पानं उलटून महिन्यामहिन्याच्या सह्या ताडून पाहिल्या. माणूस आजारी असेल हे माझ्या मनात आलं नाही. मनात आलं ते एवढंच, की हा प्यायला लागला.

असं का आलं, तेही लिहून टाकतो. हिराजी ठाण्याच्या कोपरीचा, कोळी. मी डोंबिवलीच्या ज्या चाळीत वाढलो तिथे कोळी माणूस पिणारच असं कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. न शिकवताच ते सगळ्यांना माहीत होतं. हिराजीच्या गळ्यात तुळशीची माळ होती. घरात बायको सुकी मासळी विकायची आणि हा पंधरा वर्षं मासळीला शिवला नव्हता. माळकरी माणूस दारूला हात लावत नाही हे मला कळत होतं. तरी संशय हटला नाही. उलट वाटलं, झाकायला बरी आहे माळ.

आमचा कारखाना मानपाड्याच्या एमआयडीसीत, रंगाच्या कंपनीच्या मागच्या गल्लीत. काम जरा आडवाटेचं होतं. किनाऱ्यावरच्या जुन्या दीपगृहांची यंत्रं आम्ही दुरुस्त करायचो. या दीपगृहांमध्ये माणसापेक्षा उंच, काचेच्या शेकडो पट्ट्यांचं भिंग असतं. ते दिव्याभोवती फिरतं, म्हणून समुद्रावरून बत्ती लुकलुकताना दिसते. एवढं टनावारी वजन फिरणार कसं? तर ते पाऱ्यावर तरंगत ठेवलेलं असतं. गोल पन्हळीत पारा भरलेला, त्यावर भिंग. एका बोटानं ढकललं तरी हलतं. पण पाऱ्यावर करडी साय धरते, मग भिंग जड जातं, बत्तीची लय चुकते. तो पारा उपसायचा, मऊ कातड्यातून पिळून गाळायचा, परत भरायचा. आमच्याकडे हे काम करणारा माणूस एकच, हिराजी. तो तिथे जाऊन करायचा, आणि उरलेला पारा लोखंडी बाटल्यांतून इकडे आणून मागच्या पत्र्याच्या खोलीत गाळत बसायचा. ‘पाऱ्याची खोली’ म्हणायचो आम्ही तिला. खिडकी एक, तीही बंद, कारण शेजारच्या रंगाचा वास यायचा.

दीपगृह हा शब्द हिराजीच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. तो ‘बत्ती’ म्हणायचा. कुठल्याही दिव्यावर त्याचा विश्वास म्हणून नव्हता. कारखान्याच्या फाटकावर नवा दिवा लावला तर हा रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहणार, तिथून बघणार, मग वायरमनला सांगणार, “लागलाय, पन दिसत नाय.” वायरमन वैतागायचा. “अरे, लागलाय तर दिसणार नाही का?” हिराजी म्हणायचा, “तू खालून बगतंस. ज्याला पायजे त्याच्या जाग्यावरनं बग.” मोबाइलच्या टॉवरवरचा लाल दिवासुद्धा तो घड्याळ लावून मोजायचा. “ह्यो कधी दोनला मारतो, कधी तीनला. कुनाचा बाप बगतो का ह्याच्याकडं?”

एकदा शेठच्या केबिनमध्ये गणपती बसला होता. मूर्तीच्या मागे ते बाजारात मिळतं तसं रंगीत फिरतं चक्र. आरतीला सगळे जमलेले, शेठाणींनी ताट हातात घेतलेलं, आणि हिराजी पुढे आला.

“थांबा जरा. चाक लटपटतंय.”

“अरे हिराजी, आरती होऊ दे ना!”

“देवाच्या मागं लटपटतं चाक बरं दिसतं का, शेठ? दोन मिन्टं.”

त्यानं चक्र उतरवलं, खिशातून पातळी बघायची पाणसळ काढली, खाली कागदाच्या घड्या सरकवल्या. दोन मिनिटांची पंचवीस झाली. ताटातला कापूर दोनदा बदलला. शेवटी चक्र असं फिरायला लागलं, की फिरतंय हे कळू नये. तेव्हा कुठे त्यानं टाळी वाजवली आणि सगळ्यांत मोठ्या आवाजात ‘सुखकर्ता’ सुरू केलं. शेठ चिडलेले होते, पण हसले. ते चक्र पुढे विसर्जनानंतरही केबिनमध्ये राहिलं.

हा हिराजी त्या वर्षी बदलला. चहाचा कप एका हातात धरेना, बशीत ओतून दोन्ही हातांनी तोंडाशी न्यायला लागला, तरी शर्टावर सांडायचा. नेहमीचा स्पॅनर कुठे ठेवला ते विसरायचा. पूर्वी जेवताना चार जणांची टर उडवायचा, तो आता डबा घेऊन एकटा पाण्याच्या टाकीमागे बसायला लागला. कुणी हाक मारली तर दचकायचा. आणि तोंडाला लवंगेचा वास. सकाळी, दुपारी, कधीही जवळ जा, लवंग.

“लवंग कोण खातं, परांजपे?” वॉचमन बबन मला म्हणाला. तोही कोपरीतच राहायचा. “ज्याला दुसरा वास मारायचाय तो.”

“तू पाहिलंस का त्याला पिताना?”

“पाहिलं नाय. पण वस्तीत पण बोलतात आता. बायको त्याची पारूबाई, ती पण कावलेय.”

मी एक दिवस हिराजीची स्टीलची बाटली उघडून हुंगली. तो पाऱ्याच्या खोलीत होता. बाटलीत मिठाचं पाणी होतं. मीठ कशाला? गुळण्या करायला. गुळण्या कशाला? वास मारायला. माझं डोकं त्या दिवसांत एकाच दिशेनं चालायचं. जे सापडेल ते त्याच खुंटीवर टांगायचं.

तेव्हाच आणखी एक गोष्ट माझ्या टेबलाच्या खणात पडून होती, ती इथे सांगायला हवी. हिराजीनं मला तीन चिठ्ठ्या दिल्या होत्या. पाऱ्याच्या खोलीला बाहेर हवा फेकणारा पंखा लावा, आत गरगरतं, तोंडाला लोखंडाची चव येते. पहिली चिठ्ठी दोन वर्षांपूर्वीची. ती शेठकडे नेणं माझं काम होतं. शेठ खर्चाचं नाव काढलं की माझ्यावरच ओरडायचे, म्हणून मी ती ‘नंतर’च्या फायलीत घातली. दुसरीही. तिसरीसुद्धा. तिसरीचं अक्षर वाचता येत नव्हतं.

मार्चमध्ये दक्षिण कोकणातल्या एका बत्तीचं काम निघालं. गावाचं नाव लिहीत नाही. शेठनं मला केबिनमध्ये बोलावलं. “तू जा ह्याच्याबरोबर. सामान मोजायचं निमित्त कर. डोळे उघडे ठेव. बाटली घेऊन सरकारी मनोऱ्यावर चढला तर आपलं दुकान बंद.”

मी गेलो. पोचल्या दिवशी हिराजी आंघोळीला गेला तेव्हा मी त्याची पिशवी उपसली. पाणसळ, कातड्याचे दोन तुकडे, सेकंद मोजायचं घड्याळ, लवंगांची पुडी, मिठाची पुडी, एक जुना स्वेटर. बाटली नव्हती. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटली ती निराशा. पिशवी होती तशी लावून ठेवली.

मनोरा टेकडीच्या टोकाला, दगडी, पांढरा रंगवलेला. आत एकशे छत्तीस पायऱ्या. वर काचेची खोली, आणि तिला चारी बाजूंनी जाड पडदे. भर दुपारी आत अंधारच. मी एक पडदा बाजूला करायला गेलो तर हिराजीनं माझं मनगट धरलं. हात थरथरत होता, पण पकड घट्ट.

“उगडू नको. दिवसा सूर्य ह्या भिंगातनं आत शिरला ना, तर आपलीच बत्ती जालंल. म्हून पडदा. सूर्य बुडला की मंगच काडायचा.”

पारा गाळताना मी दारात उभा राहून पाहत होतो. त्यानं दोन्ही कोपरं बरगड्यांना दाबून धरली, म्हणजे फक्त मनगटापुढचा हात हलावा. कातड्याची पुरचुंडी पिळली की खालून पाऱ्याचे थेंब टपटप पातेल्यात पडायचे, एवढे चकचकीत की त्यात पडदेसुद्धा दिसावेत. काही थेंब बाहेर उडायचे. तो गुडघ्यावर बसून कागदाच्या कडेनं एकेक गोळा करायचा. तिथला दिवेवाला राणे नावाचा म्हातारासा माणूस, तो नाकाला रुमाल बांधून, हातात बॅटरी धरून पडद्यापाशी उभा होता. हिराजीला रुमाल बांधायचं सुचलं नाही, की सवय नव्हती, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी चार वाजता काम संपलं. मला वाटलं, आता हा सुटेल आणि गावात जाऊन कुठेतरी बसेल. मी मागोमाग जायच्या तयारीत होतो. तर तो म्हणाला, “चल सायब. होडी सांगितलेय.”

“कशाला?”

“बत्ती बगायला.”

“अरे, बत्ती इथे आहे.”

“हितनं बगून काय? हितनं ती सगल्यांनाच बरी दिसते. बत्ती समुद्रातनं बगायची.”

तर आम्ही गेलो. छोटी यांत्रिक होडी, चालवणारा गावातलाच एक अबोल माणूस. किनारा मागे पडला तसा हिराजी उलटा, जमिनीकडे तोंड करून बसला. दोन्ही हात मांड्यांखाली घेतले, त्यांच्यावर बसला. मी त्याच्या तोंडाशी वाकून वास घेत होतो. लवंग.

बऱ्याच आत गेल्यावर इंजिन बंद केलं. सूर्य आमच्या पाठीशी होता. समोर टेकडी, तिच्यावर मनोरा. दिवसभर मला तो चुन्याच्या ढिगासारखा वाटला होता. आता त्याच्यावर तिरपं ऊन आलं आणि तो हळद लावल्यासारखा झाला, आधी खालून, मग वरपर्यंत. टेकडीचे खडक लालसर, झाडं काळपट, आणि मधोमध ही पिवळी काठी उभी. पाणी स्वस्थ होतं. मी डोंबिवलीचा माणूस, संध्याकाळ म्हणजे इमारतींच्या फटीतून दिसते तेवढी. इथे ती सगळीच्या सगळी होती.

मग एकदम वरच्या काचेनं पेट घेतला. पांढरा, डोळ्यांना टोचणारा उजेड, आख्खी काचेची खोली जळतेय असा. मी ओरडलो, “लागली!”

“गप,” हिराजी म्हणाला. “ही त्याची हाय. आपली नाय.”

“त्याची म्हणजे?”

त्यानं हनुवटीनं मागच्या सूर्याकडे दाखवलं. “काचेवर पडलाय. आता बग, जाईल.”

खरंच, तो जाळ काचेवरून वर सरकत गेला, बारीक झाला आणि टोकावरून सुटला. मी मागे वळून पाहिलं तर सूर्य बुडालेला. पुढे पाहिलं तर मनोरा राखेसारखा करडा. टेकडीचे रंग उतरले. समुद्र मात्र अजून उजळ होता. काही मिनिटं कुठेही काहीही नव्हतं. हिराजी ताठ बसला होता.

“ह्या टायमाला मानूस चुकतो,” तो हळूच म्हणाला. “माजा बा चुकला. किनाऱ्यावर हाटेल होतं, त्याचा दिवा पयला लागला. बा समजला बत्तीच. होडी खडकावर गेली. बा वाचला, पन परत दर्यात नाय गेला. मना बोलायचा, दिवा दिसला म्हून वलू नको. मोज.”

तेवढ्यात टेकडीवर तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी दिसलं. ते फुगत आलं, पिवळसर, लोण्यासारखं मऊ, फुगून भरलं, आणि क्षणभर थेट आमच्याकडे बघितल्यासारखं लख्ख झालं. मग ओसरलं. मागे आकाश जांभळं होत चाललेलं, त्यात ते पुन्हा उगवलं. काचेवरचा मघाचा जाळ कितीतरी मोठा होता, पण तो नुसता पडलेला होता. हा येत होता, जात होता, परत येत होता, आपल्याला कुणीतरी मोजून हाक मारतंय असा. होडीच्या कडेवर, हिराजीच्या कपाळावर, माझ्या हातावर तो उजेड पडत नव्हता एवढा लांबचा, तरी मी हात मागे घेतला.

हिराजीनं मांडीवर घड्याळ चालू करून ठेवलं होतं आणि त्याचे ओठ हलत होते. “आठ, नऊ, धा.” परत एकपासून. पंधरा-वीस वेळा मोजलं असेल. मग त्यानं मांड्यांखालून हात काढले, थरथरत्या हातांनीच घड्याळ बंद केलं आणि माझ्याकडे वळला. त्याचे डोळे भरले होते. “धाच. घे सायब, लिव तुज्या कागदावर. बरोबर हाय.”

मी माणसाकडे एवढ्या जवळून फार कमी वेळा पाहिलंय. तो प्यायलेला नव्हता. कधीच नव्हता. ते मला त्या होडीत कळलं.

सकाळी निघताना राणे मला जिन्यात एकटा भेटला. त्यानंच विषय काढला. “तुमच्या माणसाला डॉक्टरकडे न्या. हात पाहिलात? आमच्याकडे पूर्वी एक जुने दिवेवाले होते, वीस वर्षं पाऱ्याचं काम. असेच हात, हिरड्या सुजलेल्या, दात हलायचे, कुणाशी बोलायचे नाहीत. पाऱ्याची वाफ लागते. कामावरून काढलं तर हळूहळू उतरतं.” मी म्हटलं, “हो, बघतो.” म्हणजे लवंग दाढेखाली धरायला होती, मीठ हिरड्यांना. परतीच्या वाटेवर हिराजी शेजारी झोपला होता आणि मी त्या तीन चिठ्ठ्यांचा विचार करत होतो.

डोंबिवलीत शेठनं पहिल्याच दिवशी विचारलं, “काय, पितो का?”

मी खरं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न होता, मग हात कशानं कापतात? त्याच्या पुढचा, त्यानं कधी तक्रार केली नाही? आणि मग खण उघडावा लागला असता. मी म्हणालो, “डोळ्यांनी नाही बघितलं, शेठ. पण शंका घ्यायला जागा आहे.”

बस. एवढंच वाक्य. शेठला एवढंच हवं होतं आणि मला ते माहीत होतं. त्या संध्याकाळी मी तिन्ही चिठ्ठ्या फाडल्या.

हिराजीला बत्त्यांवरून काढून पॅकिंगला बसवलं. खोकी बांधायची, दोरी ओढायची. त्यानं शेठला एकदाच विचारलं, “माजं काय चुकलं?” शेठ म्हणाले, “तुला माहीत आहे.” तो बाहेर आला, माझ्या टेबलासमोर थोडा वेळ उभा राहिला. मी रजिस्टरात डोकं घातलं. बबननं ही बातमी त्याच दिवशी कोपरीला नेली. कारखान्यानं काढलं म्हणजे काहीतरी असणारच, असं वस्ती म्हणाली. भजनात तो टाळ धरायचा, तिथे मागून कुणीतरी हसलं. महिन्याभरानं त्यानं गळ्यातली माळ काढून देवापुढे ठेवली. बबन सांगत होता, “कबूलच केलं ना म्हणजे.” पण बबननंच सांगितलं, की माळ काढताना हिराजी भजनातल्या म्हाताऱ्याला एवढंच म्हणाला होता, “माज्यापायी माळेला कोन हसायला नको.” हे ऐकूनही मी दुसऱ्या दिवशी आठ वाजता रजिस्टर उघडून बसलो.

दीड वर्षानं त्यानं काम सोडलं. जायच्या आधी सही केली, ती मी अजून विसरलेलो नाही. वरची रेघ जवळजवळ सरळ आली होती. पारा अंगातून उतरत होता.

मधे पंधराएक वर्षं गेली. पुढे कारखानाही बंद झाला. मी या सगळ्याबद्दल कुणाशी बोललो नाही, बायकोशीही नाही. स्वतःशी मात्र एक हिशोब बरा जमवला होता. मी खोटं बोललो म्हणून तो पाऱ्यापासून सुटला, नाहीतर मेला असता. कितीतरी वर्षं या वाक्यावर मला झोप लागायची.

गेल्या वर्षी माझी भाची कोपरीत राहायला आली. तिच्याकडे जाताना बाजारात सुकी मासळी घेऊन बसलेल्या एका बाईनं मला हाक मारली. “तुमी कारखान्याचे परांजपे ना?” पारूबाई होती. दिवाळीला एकदोनदा कारखान्यात आलेली, तिनं मला ओळखलं, मी तिला नाही.

मी विचारलं, “हिराजी कसा आहे?”

“बेस हाय!” ती मोकळेपणानं हसली. “सोडली ना त्यानं.”

“काय सोडली?”

“आता तुमच्यापासनं काय लपवायचं, दादा. तुमीच तर पकडलेला. दारू. कारखाना सुटला आन वरीसभरात हात कापायचं बंद झालं. आता सुईत दोरा ववतो बगा. मी आईला नवस बोललेली, ह्याची सुटू दे. सुटली. जाऊन पाच नारल दिलं, साडी चोली दिली. मानूस सुदारतो, दादा.”

तिनं जबरदस्तीनं माझ्या पिशवीत मूठभर सुकट टाकली. मी नको म्हटलं, ती ऐकेना.

तो बरा झाला हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा झाला होता. हात थांबले म्हणजे दारू सुटली, दारू सुटली म्हणजे दारू होती. आणि त्यानं पंधरा वर्षं घरात एकदाही ते खोडलं नव्हतं, की खोडूनही कुणी ऐकलं नव्हतं. माझं झोपेचं वाक्य त्या दिवशी संपलं. तरी जायला मला तीन आठवडे लागले.

एका रविवारी चारच्या सुमाराला गेलो. घर म्हणजे गल्लीतल्या दोन खोल्या, पुढे ओटा. हिराजी ओट्यावर बसून जाळं शिवत होता. केस पांढरे, दात तीनचार राहिलेले. हात मात्र स्थिर. मला बघून त्यानं सुई जाळ्यात खोचली.

“ये सायब. वाट चुकलास?”

बसलो. तो इकडचं तिकडचं बोलला. कोकणातली ती बत्ती चालू आहे का, विचारलं. मला माहीत नव्हतं. “बदलली असंल,” तो म्हणाला. “आता भिंग लागत नाय बोलतात, पारा पन नाय. बारका दिवा, स्वताच लुकलुकतो. मोजतो तरी बरोबर का, कोन जानं.”

मग मी सांगितलं. एका सुरात, खाली बघत, काही न गाळता. पिशवी उपसली ते, राणे बोलला ते, चिठ्ठ्या, शेठला म्हणालो ते वाक्य. बोलून झालं तेव्हा गल्लीत कुणीतरी मोटारसायकल सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. हिराजी त्या आवाजाकडे कान देऊन बसलेला.

“चिठ्ठ्या फाडल्यास?”

“हो.”

“तिसरी लिवायला मना अर्धा दिवस लागलेला.” त्यानं जाळं बाजूला ठेवलं. मला वाटलं, आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. “मना कशाला सांगतंस, सायब? मी पीत नव्हतो ते मना ठावं हाय. आत जा. तिला सांग.”

“तू चल बरोबर.”

“नाय. मी हाय म्हून बोललास असं वाटंल तिला.” तो उठला, चपला घातल्या आणि ओट्यावरून खाली उतरला.

पारूबाई आतल्या खोलीत सूप घेऊन सुकट पाखडत होती. मी दाराशी उभा राहून सगळं पुन्हा सांगितलं. या खेपेला जास्त वेळ लागला. तिचं सूप काही वेळ चालू होतं, मग थांबलं.

“मंग हात कसं थांबलं?” तिनं विचारलं. आवाजात संशय होता, आणि तो माझ्यावरच होता. “ह्यानं पाठवलं का तुमाला, असं बोल म्हून?”

“नाही. पारा होता त्याच्या अंगात. पाऱ्याचं काम सुटलं, पारा उतरला, हात थांबले. दारू नव्हतीच कधी. त्याला ते तेव्हाही माहीत होतं, मलाही माहीत होतं.”

“तुमाला पन?”

“हो.”

तिनं सूप खाली ठेवलं. “मी रोज त्याच्या तोंडाचा वास घेतला, दादा,” ती म्हणाली. “झोपला की वाकून. त्याला जाग यायची. डोलं नाय उगडायचा, पन मना कलायचं. तो नुसता पडून वास घेऊ द्यायचा.” मग एकदम मान वर केली. “मंग मी नवस कशाचा फेडला?”

ती उठली, पदरानं हात पुसले, पुन्हा पुसले. बाहेर जावं की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं. मी तिथे उभा राहणं बरं नव्हतं, म्हणून निघालो.

हिराजी गल्लीच्या तोंडाशी, बंद दुकानाच्या फळीला टेकून उभा होता. मी त्याच्यासमोर थांबलो, काहीतरी म्हणालो, काय ते आठवत नाही. त्यानं ऐकलं नाही. माझ्या खांद्यावरून तो पलीकडे बघत होता. मी रस्त्यावर येऊन वळून पाहिलं तेव्हाही तो तसाच होता, दोन्ही हात बाजूला मोकळे सोडून, स्वतःच्या घराच्या दाराकडे डोळे लावून. दारात अजून कुणी आलेलं नव्हतं.